मुक्याची मान

मराठीत ‘मान’ हा शब्द मोठा हिकमती आहे. ‘ती मान’ म्हटले की धडावर डोके तोलणारा अवयव, आणि ‘तो मान’ म्हटले की लग्नात व्याह्यांना द्यावयाची आणि कितीही दिली तरी कमीच पडावयाची ती गोष्ट. दोहोंची कुळे खरे पाहता निराळी. देहाच्या मानेचे नाते संस्कृतातल्या ‘मन्या’ या शब्दाशी. मान आखडली तर आयुर्वेद त्याला ‘मन्यास्तंभ’ असे भारदस्त नाव देतो ते त्यावरूनच. पण भाषेने या दोन कुळांची सोयरीक केव्हाच जुळवून टाकली. मान ताठ ठेवणे, मान तुकवणे, मान खाली घालणे, मान टाकणे! यांत अवयव कुठे संपतो आणि अब्रू कुठे सुरू होते, ते सांगणे कठीण.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की, एखादा शब्द हाती घ्यावा आणि त्याच्या बोटाला धरून गावभर हिंडावे, हा माझा धंदाच आहे. दिवाळी अंकात संपादकांनी जागा जरा ऐसपैस दिली आहे, तेव्हा आज थोडे लांब हिंडू. आणि तेही माणसाच्या मानेसंबंधी नव्हे. माणसाच्या मानेकडे पाहावयास डॉक्टर आहेत, पट्टे आहेत, आणि ‘मोबाईल खाली ठेवा’ म्हणून ओरडणारी गृहिणी आहे. मला बोलावयाचे आहे ते, आपण जिला बिनदिक्कत हात घालतो, पट्टा बांधतो, साखळी अडकवतो आणि मनाला येईल तेव्हा हिसका देतो, त्या मानेविषयी. म्हणजे घरच्या कुत्र्याच्या मानेविषयी.

आमचे साडूभाऊ धुळ्याला वकिली करतात. धुळ्याच्या नंबरी गल्ल्यांपैकी एकीत त्यांचे घर आहे आणि त्या घरात ‘सरदार’ नावाचा डॉबरमन आहे. सरदारची ऐट काय सांगावी! काळेभोर चकचकीत अंग, छाती पुढे, मान अशी की जणू दरबारात निघाला आहे. संध्याकाळी साडूभाऊ त्याला घेऊन पांझरेच्या काठाने निघाले की लोक वकिलांना नमस्कार करीत ते काहीसे सरदारकडे पाहूनच. साडूभाऊंना ते कळत नव्हते असे नाही. पण कुत्र्यामुळे का होईना, मान मिळतो आहे, तर कोण नाकारतो?

गेल्या वर्षी, सरदारला सातवे लागले त्या सुमारास, त्याची चाल बिघडली. आधी मागचा एखादा पाय फरशीवर घसरे. मग दोन्ही मागचे पाय फाकून पडू लागले. वळताना मागचा भाग असा हेलकावे, की पुढचा कुत्रा एक आणि मागचा दुसराच. पुढचे पाय तर आखडून, तुटक तुटक पडत. आता आपल्याकडे दुखणे कोणतेही असो, निदान करणारांची वाण कधीच पडत नाही. कोणी म्हणाले, ‘‘नवी फरशी गुळगुळीत आहे.’’ कोणी म्हणाले, ‘‘वय झाले.’’ शेजारच्या मास्तरांनी लकवा ठरवला. मेव्हणीने कोणाला न विचारता काळा दोरा बांधला. एका हितचिंतकाने तर आपल्या कंबरेसाठी आणलेली वेदनाशामक गोळी पेढ्यात घालून द्यावयाची तयारी केली होती. ती दिली गेली नाही हे सरदारचे दैव. कारण माणसाला मानवणाऱ्या अशा कित्येक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंड जायबंदी होते. वजन पाहून अर्धी गोळी दिली म्हणजे भागते, ही समजूत चुकीची आहे.

महाविद्यालयाच्या कामासाठी मी त्याच दिवसांत धुळ्याला गेलो होतो. जळगावाहून एरंडोल, पारोळा करीत धुळे नव्वदेक किलोमीटर. पोहोचलो तो सरदार दवाखान्यात निघालेला. मीही गाडीत बसलो.

पशुवैद्य तरुण होते, पण घाई नव्हती. त्यांनी सरदारला टेबलावर चढवलेच नाही. अंगणात सांगितले, ‘‘चालवा त्याला. आता वळवा. आता हळू चालवा.’’ आणि स्वतः मागे उभे राहून नुसते पाहत राहिले. मग त्यांनी एक गंमत केली. सरदारचा मागचा पंजा उचलून उलटा टेकवला, म्हणजे तळवा वर आणि पाठ जमिनीला. धडधाकट कुत्रा असा उलटा पंजा क्षणात सरळ करतो. सरदार तसाच उभा राहिला. आपला पाय उलटा पडला आहे ही वार्ताच त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचली नव्हती! मग त्यांनी नखे दाखवली. मागच्या पायांची मधली नखे पुढच्या अंगाने घासून बोथट झाली होती. पाय पुरता उचलला जात नव्हता, फरफटत होता. एवढे झाल्यावर सरदारची मान हळूच वर उचलू पाहिली, तो त्याने अंग आखडून घेतले आणि एक बारीक आवाज काढला.

त्या दवाखान्यात जनावरे धरणारा एक म्हातारा होता. डॉक्टर काही बोलण्याआधी तोच साडूभाऊंना म्हणाला, ‘‘भाऊ, यानं दुखनं पायमा नही, मानमा शे.’’

अहिराणीचे हे एक वाक्य मी खिशात टाकून घेतले. दोन तासांच्या व्याख्यानात जे सांगता येणार नाही ते त्यात आहे. दुखणे एकीकडे आणि त्याची खूण दुसरीकडेच!

हे असे का व्हावे? कुत्र्याच्या मानेत सात मणके असतात. माणसाच्याही सातच, आणि जिराफाच्याही सातच. निसर्गाने लांबी वाढवली, पण आकडा बदलला नाही. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते आणि मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे सारे हुकूम खाली आणि पायांच्या साऱ्या वार्ता वर, त्या एका वाटेने. ही वाट कुठे अरुंद झाली, गादी फुगून आत आली किंवा हाड वाढून आत घुसले, की रज्जू दाबला जातो. गंमत अशी की, मागच्या पायांच्या तारा या दोराच्या बाहेरच्या अंगाने जातात. तेव्हा दाब पहिल्याने त्यांनाच बसतो. मान दाबली जाते आणि मागचे पाय लटपटतात ते यामुळे.

धुळे जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावयास शरीरशास्त्र नको. पांझरेवरची फड पद्धत त्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचे पाणी पाळीपाळीने एकेका फडाला. पाटाच्या तोंडाशी गाळ साचला तर पहिल्याने कोमेजते ते अगदी शेवटचे वावर. त्या वावरात उभे राहून कोणी म्हणाला, ‘‘या मातीतच दोष आहे,’’ तर जुना पाटकरी हसेल आणि खांद्यावर फावडे टाकून वरच्या अंगाला चालू लागेल. आमच्या दवाखान्यातला म्हाताराही तसाच वर चालत गेला होता.

या दुखण्याला इंग्रजीत ‘वॉब्लर’ म्हणतात, म्हणजे डुलत चालणारा. घोड्यांनाही ते होते. कुत्र्यांत त्याचे मुख्य गिऱ्हाईक दोन : डॉबरमन आणि ग्रेट डेन. ग्रेट डेनला ते बहुधा कोवळ्या वयात होते. त्याच्या मानेची हाडेच वेडीवाकडी वाढतात. डॉबरमनला होते ते मध्यम वयात, बहुधा मानेच्या खालच्या टोकाला, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या दरम्यान. तिथे गादी फुगते. कारण अजून पुरते उलगडलेले नाही, पण आनुवंशिकतेचा हात त्यात असावा असे मानतात. ज्याची पोकळी जन्मतःच अरुंद, त्याला थोडी गादी सरकली तरी पुरते.

आणि इथे माणसाचा हात येतोच. डॉबरमन ही काही देवाने निर्माण केलेली जात नव्हे. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावी लुई डोबरमान नावाचा एक करवसुली करणारा गृहस्थ होता. वसुलीला जाताना सोबत दरारा वाटेल असा कुत्रा हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने निरनिराळ्या कुत्र्यांच्या संकरातून ही जात जुळवीत आणली. 1894 साली तो वारला. कुत्रा मात्र त्याच्या नावाने जगभर गेला, आणि त्याचा दरारा पाहून पुढे ठिकठिकाणच्या पोलिसांनीही त्याला पदरी ठेवला. दरारा, उंची, लांब मान, निमुळते तोंड हे सारे माणसाने निवडून निवडून काढले. निवडताना मणक्याची पोकळी कोणी मोजली नाही. मोजणार तरी कशी? ती बाहेरून दिसत नाही, आणि प्रदर्शनात बक्षीस मिळते ते दिसते त्याला.

‘‘आमच्याकडे काही डॉबरमन नाही बुवा, आमचे छोटेसे पॉमेरेनियन आहे,’’ असे म्हणून कोणी पान उलटणार असेल तर जरा थांबावे. चिमुकल्या जातींच्या मानेचे दुखणे निराळे, पण आहेच. मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या एका खुंटीभोवती फिरतो, जसे आपल्या खान्देशातल्या घरोटाचे वरचे पाते मधल्या खिळ्याभोवती फिरते. या छोट्या कुत्र्यांपैकी काहींत ती खुंटी जन्मतः अपुरी असते किंवा तिला बांधणारे बंध ढिले असतात. सोफ्यावरून उडी मारली, पट्ट्याला हिसका बसला, की वरचे पाते जागचे हलते आणि रज्जूवर येते. डॅक्सहुंड, बीगल यांच्या मानेतल्या गाद्या तर एकाएकी फुटून बाहेर येतात. आदल्या दिवशी खेळणारे कुत्रे दुसऱ्या दिवशी मान खाली घालून, पाठ कमानीसारखी करून उभे राहते आणि ताटलीपर्यंत तोंड नेत नाही. लोक म्हणतात, ‘‘आज रुसले आहे.’’

सरदारचे निदान धुळ्याच्या डॉक्टरांनी बोटांनी केले होते, पण दाब कुठे आणि किती, हे पाहावयास साधे क्ष-किरण चित्र पुरत नाही. त्यात हाड दिसते, रज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय हवे, म्हणजे कुत्र्याला भूल हवी. आणि त्यासाठी धुळ्याहून मुंबई, सव्वातीनशे किलोमीटर. जनावरांच्या वैद्यकाची वाट मुंबईकडे वळते ती आजची नव्हे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 सालचे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालयही परळातच. नागपूरचे महाविद्यालय पुढे 1958 साली आले. आता 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने पाळीव प्राण्यांचे एक मोठे रुग्णालय उघडले आहे.

मुंबईचे नाव निघताच साडूभाऊंच्या घरी खटला उभा राहिला. त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या गुडघ्यांसाठी तू मला नाशिकच्या पुढे नेलं नाहीस. आणि कुत्र्याला मुंबई?’’ वकिलांना आयुष्यात असा युक्तिवाद कोणी ऐकवला नसेल. ते गप्प बसले. खर्चाचा आकडाही काही थोडाथोडका नव्हता. मुलाच्या कॉलेजच्या फीचे दिवस तोंडावर होते. मेव्हणी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्हीच सांगा, एवढा खर्च करणं शोभतं का?’’ मी एवढेच म्हटले, ‘‘शोभतं की नाही हे लोकांनी ठरवायचं. परवडतं की नाही हे तुम्ही ठरवा. दोन्ही प्रश्न एकदम सोडवायला बसू नका.’’

त्या रात्री काय झाले ते मला नंतर कळले. सरदार निजावयाचा तो आजींच्या खोलीच्या दाराशी. त्या पहाटे चारला उठत, की तो उठून त्यांच्या मागोमाग देवघरापर्यंत जाई आणि परत येऊन पडे. सात वर्षांचा नेम. त्या पहाटे तो उठू लागला आणि मागचे पाय फाकून दारातच बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. आजी काही वेळ उभ्या राहिल्या. मग देवघरात न जाता मुलाच्या खोलीशी जाऊन त्यांनी कडी वाजवली आणि म्हणाल्या, ‘‘गाडी काढ.’’

मुंबईत भूल देण्याआधी हृदय आणि रक्त तपासले. डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा आणि रक्त लवकर न गोठण्याचा, असे दोन दोष वंशपरंपरेने आढळतात, म्हणून ही खबरदारी. ते ठीक निघाले. चित्रात सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी रज्जूवर चढलेली स्वच्छ दिसली.

शल्यविशारदांनी दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या. शस्त्रक्रिया केली तर मानेच्या खालच्या बाजूने जाऊन ती गादी काढता येते, किंवा मणके ताणून पक्के बसवता येतात. अशा पाच कुत्र्यांतली सुमारे चार सुधारतात. पण काहींना पुढे शेजारच्या मणक्यात तेच दुखणे उद्भवते. शस्त्रक्रिया न करता औषधे, सक्तीची विश्रांती आणि मानेला जपणे एवढ्यावरही सुमारे निम्मी सुधारतात. किती वर्षे जगणार, या हिशेबात दोन्ही वाटांत फारसा फरक पडलेला दिसत नाही. फरक पडतो तो कसे जगणार यात. आणि पाय अगदीच लुळे पडले असतील तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

हे सारे ऐकून, जन्मभर दुसऱ्यांच्या निकालांवर बोलत आलेल्या साडूभाऊंना निकाल देता येईना. शेवटी मेव्हणीनेच दिला. पाय अजून उभे राहत आहेत. तीन महिने विश्रांती आणि औषध. उतार पडला नाही तर शस्त्रक्रिया. डॉक्टरांनाही ते पटले.

त्या तीन महिन्यांत घराचा नकाशा बदलला. फरशीवर सतरंज्या आल्या. जिन्याला फळी लागली. ताटली चौरंगावर चढली, म्हणजे खाताना मान वाकवावी लागू नये. मानेचा पट्टा गेला आणि छातीवरून बसणारा, खांद्यांना बिलगणारा बंद आला. पट्ट्यामुळे हे दुखणे होते असे नव्हे. पण दुखऱ्या मानेला प्रत्येक हिसका नवी इजा करतो. औषधे वेळेवर, नेमकी तितकीच, आणि ती बंद करावयाची तीही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू. आजींनी हे काम आपल्याकडे घेतले, आणि देवाच्या नैवेद्याची वेळ चुकली तरी सरदारच्या गोळीची चुकू दिली नाही.

आता वर्ष होत आले. सरदार चालतो. पांझरेच्या काठी जात नाही, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. वळताना अजून हेलकावतो. पूर्वीची ऐट नाही. मान आता थोडी खालीच असते. पहाटे चारला तो उठतो आणि देवघरापर्यंत जातो. शस्त्रक्रियेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. दर दोन महिन्यांनी डॉक्टर पंजा उलटा टेकवून पाहतात, आणि सरदार तो सरळ करीपर्यंत सारे घर श्वास धरून असते.

यात मला राहून राहून आठवतो तो आपला पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहणारे बैलाचे खांदे आणि मान शेतकरी तूप-हळदीने चोळतो. तो नुसता सोपस्कार नव्हे. चोळताना त्याच्या बोटांना कळते की कुठे गाठ आहे, कुठे कातडे सोलवटले आहे, कुठे हात लावला की जनावर अंग चोरते. बैल दावणीतून निघून हौदापर्यंत गेला की त्या वीस पावलांत कोणता पाय हलका पडतो ते तो सांगेल. आम्ही शहरात राहावयास आलो, बैल सुटला, कुत्रा आला. बोटांचे ते ज्ञान मात्र गावीच राहिले. कुत्र्याची जात आम्ही कागदावर वाचतो. त्याची चाल वाचीत नाही. आणि मुक्या प्राण्याला दुसरी भाषा कोणती आहे?

ती वाचणे काही अवघड नाही. महिन्यातून एकदा कुत्र्याला मोकळ्या जागी चालवावे आणि मागून पाहावे. नखे पाहावीत. चाल विचित्र वाटली तर मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा कित्येकदा घरच्यासारखा चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर ‘लवकर थोराड होऊ दे’ म्हणून त्याला कोंबून खाऊ घालू नये, आणि न विचारता कॅल्शियमच्या बाटल्याही पाजू नयेत. झपाट्याने वाढलेली हाडे पुढे दावा लावतात. पिल्लू विकत घेताना आईबापांची चाल पाहण्याचा आग्रह धरावा. लग्नात आपण किती चौकशा करतो!

राहता राहिली दिवाळी. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. नेपाळात तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. तिच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे कुत्र्याच्या वाट्याला दिवाळीत येतो तो फटाका. साखळीने बांधलेले कुत्रे आवाजासरशी उसळते, आणि साऱ्या अंगाचा झटका जातो तो मानेत. तेव्हा या चार दिवसांत, निदान संध्याकाळी, त्याला बांधू नका. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कोणी माणूस जवळ ठेवून सोडा. फराळाचे ताट घेऊन बसाल तेव्हा तो येईलच. बेदाणे घातलेला लाडू आणि चॉकलेट देऊ नका, दोन्ही त्याला विषासारखी. पण तो कोपऱ्यातून उठून तुमच्यापर्यंत येतो ती दहा पावले मात्र जरा नीट पाहून घ्या.